टर्बो गाडीला मोठा इंटरकूलर: घ्यायचा का, आणि कोणता?

मे महिन्यातली दुपार, खंबाटकीचा चढ, पुढे ट्रकांची रांग. एसी चालू, गाडीत पाच माणसं. पहिल्या ओव्हरटेकला गाडी झपकन निघते, दुसऱ्यालाही ठीक. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र पाय तेवढाच दाबूनही गाडी ओढत नाही. टर्बो पेट्रोल गाडी चालवणाऱ्या बहुतेकांनी हे अनुभवलेलं असतं. मग कोणीतरी सांगतं, "मोठा इंटरकूलर टाक, फरक पडेल."

फरक पडतो, पण प्रत्येक गाडीत नाही आणि कुठल्याही इंटरकूलरने तर नाहीच. माझ्या स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएसवर मी हे सगळं दोन उन्हाळे केलं आणि सगळ्यात जास्त पैसे वाचले ते विकत घेण्याआधी मोजल्यामुळे. म्हणून या लेखात खरेदीचा मुद्दा चौथ्या पायरीवर येतो. नवीन मंडळींनी आधीच्या तीन पायऱ्या गाळू नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

इंटरकूलर नेमकं काय करतो

सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं. हवा दाबली की तापते. टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, हेच काम सेकंदाला शेकडो लिटर हवेवर करतो. हिशोब करून पाहू. बाहेर ३८ अंश सेल्सिअस आहे, टर्बो १ बार बूस्ट (जास्तीचा दाब) देतोय, म्हणजे हवा मूळ दाबाच्या दुप्पट दाबली जातेय. टर्बोतल्या कॉम्प्रेसरची, म्हणजे हवा दाबणाऱ्या भागाची, कार्यक्षमता ७० टक्के धरली तर टर्बोमधून बाहेर पडणारी हवा सुमारे १३५ अंशांवर असते. पाणी उकळतं त्याच्याही वर!

ही हवा तशीच इंजिनात गेली तर दोन गोष्टी होतात. गरम हवा विरळ असते, त्यामुळे तेवढ्याच जागेत ऑक्सिजन कमी मावतो. आणि सिलिंडरमध्ये मिश्रणाचा काही भाग ज्योत पोहोचण्याआधी आपोआप पेटायचा धोका वाढतो, ज्याला आपण नॉकिंग म्हणतो. गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, हे ओळखतो आणि इंजिन वाचवण्यासाठी स्पार्क उशिरा देतो, कधी बूस्टही कमी करतो. चढावर जाणवते ती हीच सुस्ती.

इंटरकूलर ही हवा वाटेत थंड करतो. त्याची परिणामकारकता ७० टक्के असेल, म्हणजे टर्बोने वाढवलेल्या तापमानातला ७० टक्के भाग तो उतरवत असेल, तर १३५ अंशांची हवा ६७ वर येते. ८० टक्के असेल तर ५७ वर. नव्या पार्टवर आपण पैसे खर्च करतो ते या मधल्या दहा अंशांसाठी.

आता याची दुसरी बाजू, जी जाहिरातीत कधीच नसते. हवा दहा अंशांनी थंड झाली की तिची घनता साधारण ३ टक्क्यांनी वाढते. पण नव्या इंटरकूलरच्या आतल्या जाळीत हवा अडकून जुन्यापेक्षा ०.०६ बार दाब जास्त गेला, तर २ बारच्या एकूण दाबातले तेवढेच ३ टक्के हातातून जातात. थंड हवेमुळे स्पार्कची वेळ सुधारते, तो फायदा उरतो; पण गेलेला दाब भरून काढायला ईसीयू टर्बोला जास्त फिरवतो आणि हवा पुन्हा जास्त तापते. इंटरकूलर नुसता थंड करणारा असून चालत नाही, हवा सहज जाऊ देणाराही लागतो. निवडीची सगळी कसरत या दोन गोष्टींमधली आहे.

आपल्या डोंगराळ भागात आणखी एक गोष्ट. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब ०.८६ बारच्या आसपास असतो. इंजिनाला तोच २ बारचा एकूण दाब हवा असेल तर टर्बोला हवा दुपटीऐवजी सव्वादोन पटीहून अधिक दाबावी लागते. वर हवा थंड लागते म्हणून आपण खूश असतो. टर्बोला मात्र तिथे जास्त राबावं लागतं.

पायरी १: आधी मोजा

ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकाची माहिती वाचायच्या सॉकेटला) लागणारा ब्लूटूथ डोंगल घ्या, ईएलएम ३२७ प्रकारचा साधा चालतो. मोबाइलवरच्या ॲपमध्ये तीन आकडे लावा: इनटेक हवेचं तापमान, मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागातला) दाब आणि आरपीएम. बाहेरचं तापमान डॅशबोर्डवर दिसतंच.

इथे नवशिक्यांची सर्रास होणारी चूक सांगतो. काही गाड्यांमध्ये ॲपला दिसणारं तापमान एअर फिल्टरजवळच्या सेन्सरचं असतं, म्हणजे टर्बोच्या आधीचं. तो आकडा कायम छानच दिसणार! आपल्याला इंटरकूलरनंतरचा, थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) किंवा मॅनिफोल्डजवळचा सेन्सर हवा. आपला कोणता, हे ओळखायचा सोपा उपाय: मोकळ्या चढावर पाय पूर्ण दाबल्यावर आकडा काही सेकंदांत वर चढायला लागला तर सेन्सर योग्य जागी आहे. तो बाहेरच्या तापमानाला चिकटून राहिला तर बहुधा फिल्टरजवळचा आहे.

मोजणी सिग्नलवरून सुटल्या सुटल्या करू नका. ट्रॅफिकमध्ये उभ्या गाडीत इंटरकूलर आजूबाजूची उष्णता शोषून घेतो, आकडा ६० च्या वर जातो, आणि गाडी धावू लागली की दोन-चार किलोमीटरमध्ये उतरतो. त्याला घाबरायचं कारण नाही. दहा-पंधरा मिनिटं सरळ चालवा, मग रिकाम्या चढावर, वेगमर्यादेच्या आत, दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्या. मध्ये एक-दोन मिनिटं सोडून असं तीनदा करा. शेजारी बसलेल्याला मोबाइल सांभाळू द्या; चालवणाऱ्याने स्क्रीनकडे बघायचं नाही.

माझी मोजपट्टी अशी: तिसऱ्या वेळीही हवा बाहेरच्या तापमानापेक्षा १५ अंशांच्या आत राहिली, तर तुमचा कंपनीचा इंटरकूलर उत्तम काम करतोय. पैसे टायरवर खर्च करा. फरक ३० अंशांच्या पुढे जात असेल आणि दर वेळी वाढत असेल, तर पुढे वाचा. मधला प्रकार असेल तर दुसऱ्या पायरीवर बहुतेक काम होऊन जातं.

पायरी २: आहे तोच धड करा

माझ्या गाडीत तिसऱ्या वेळी फरक ३४ अंश आला होता. मी नव्या पार्टच्या चौकशीलाही लागलो होतो. मिस्त्री म्हणाले, "साहेब, आधी बंपर तर उघडू." बंपर निघाला आणि समोर, इंटरकूलरच्या पुढे असलेली, एसीच्या कंडेन्सरची जाळी दिसली: वाळलेला चिखल, चिकटलेले किडे, एका कोपऱ्यात गुटख्याच्या पुडीचा तुकडा. टॉर्च मारली तर पलीकडचा उजेड जेमतेम अर्ध्या जाळीतून दिसत होता. त्याहून महत्त्वाचं म्हणजे डाव्या बाजूला जाळी आणि बंपरच्या मधली फोमची पट्टीच नव्हती. आदल्या वर्षी एका वर्कशॉपमध्ये बंपरचं काम झालं होतं, तेव्हा ती परत बसवलीच नव्हती. तेवढ्या बोटभर फटीतून समोरून येणारी बरीचशी हवा जाळीला बगल देऊन निघून जात होती. हवा नेहमी सोपी वाट धरते. जाळीतून घुसण्यापेक्षा बाजूने निघून जाणं तिला सोपं पडतं.

जाळी मागच्या बाजूने पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुतली. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पातळ फिन (जाळीतल्या पत्र्याच्या पट्ट्या) दुमडतात आणि मग त्या वाटा कायमच्या बंद होतात. वाकलेल्या फिन आम्ही प्लास्टिकच्या कंगव्याने सरळ केल्या, फोमची नवी पट्टी कापून चिकटवली. फरक ३४ वरून २३ अंशांवर आला. खर्च होता मजुरीचा आणि फोमचा.

याच वेळी गळतीही तपासा. टर्बो ते थ्रॉटलपर्यंतच्या होजपाइपांवर, क्लिपांवर आणि इंटरकूलरच्या दोन्ही टोकांच्या टाक्यांच्या सांध्यांवर नजर टाका. काळपट, तेलकट डाग दिसला की तिथून हवा सुटतेय असं समजा. स्मोक टेस्ट (पाइपांत धूर सोडून गळती शोधणं) करणारं गॅरेज जवळ असेल तर उत्तम. पाइपात तेलाचा पातळ थर असणं नेहमीचं आहे, क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या भागाची) तेलकट वाफ तिकडूनच जाते. पण इंटरकूलर उपडा केल्यावर धार लागत असेल तर आधी टर्बोचं सील आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (हीच वाफ सोडणारी झडप) बघा. त्या गाडीला नवा इंटरकूलर लावणं म्हणजे गळक्या टाकीखाली नवी बादली ठेवण्यासारखं आहे.

पायरी ३: तुमच्या गाडीत कोणता प्रकार आहे?

थंड हवा जिथे मिळेल तिथे इंटरकूलर जातो. पोर्शने १९७८ मध्ये ९११ टर्बोला तो दिला तेव्हा इंजिन मागे असल्यामुळे त्याची जागा थेट मागच्या स्पॉयलरखाली निघाली. आपल्याकडच्या जुन्या ३.० लिटर डिझेल फॉर्च्युनरच्या बोनेटवर जो हवेचा झरोका होता, तो शोभेसाठी नव्हता. त्याच्याखाली इंटरकूलर आडवा बसलेला असे. सुबारूच्या डब्ल्यूआरएक्समध्येही तेच. अशा वरच्या इंटरकूलरला पाइप छोटे लागतात, टर्बो पटकन प्रतिसाद देतो, पण संथ ट्रॅफिकमध्ये तो इंजिनाच्या उष्णतेवर शेकला जातो.

बहुतेक गाड्यांत तो समोर असतो. पण समोर म्हणजे सगळ्यांत पुढे असं नाही. ऑक्टाव्हियाच्या २.० टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिनाच्या गाडीत तो एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मध्ये दडलेला आहे. म्हणजे एसी चालू असताना त्याला कंडेन्सरने आधीच तापवलेली हवा मिळते. एसी बंद करून पुन्हा एकदा मोजून पाहा, आकडा बरंच काही सांगून जाईल.

तिसरा प्रकार पाण्याने थंड होणारा. चाकणला बनणाऱ्या स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन तायगुनच्या १.० टीएसआय इंजिनात असा आहे. टर्बोची हवा एका छोट्या कूलरमध्ये पाण्याला उष्णता देते, आणि ते पाणी पंपाने पुढच्या वेगळ्या रेडिएटरमध्ये जाऊन थंड होतं. अशी गाडी असेल तर बंपरमागे बसवायचा भलामोठा हवेचा इंटरकूलर विकायला येणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. त्यासाठी सगळी पाइपिंग बदलावी लागते आणि कंपनीने मुद्दाम छोटी ठेवलेली हवेची वाट लांबते. अशा गाडीत सुधारणा करायची ती पुढच्या रेडिएटरची आणि पंपाची. त्याआधी कूलंटची पातळी आणि पंप चालू आहे का ते बघा. पंप बंद पडला तरी काही वेळा गाडी नुसतीच मंदावते, दुसरं लक्षण दिसत नाही.

पायरी ४: कोअर (इंटरकूलरची मुख्य जाळी) निवडणं

मोजून झालं, साफ करून झालं आणि तरीही आकडा चढतोय. किंवा तुम्ही रीमॅप (ईसीयूच्या प्रोग्रॅममध्ये बदल) करताय आणि बूस्ट वाढणार आहे. आता खरेदीची वेळ आली.

दोन बांधणी बाजारात आहेत. ट्यूब अँड फिन (चपट्या नळ्या आणि मध्ये पातळ फिन) आणि बार अँड प्लेट (जाड पट्ट्या आणि पत्रे एकावर एक रचलेले). ट्यूब अँड फिन हलका असतो, समोरची हवा त्यातून सहज आरपार जाते, तापला तरी लवकर निवतो आणि मागच्या रेडिएटरला श्वास घेऊ देतो. बार अँड प्लेट जड असतो, खडे-दगड सोसतो आणि त्याच्या धातूच्या वस्तुमानामुळे पहिले काही सेकंद बरीच उष्णता गिळून टाकतो. पण एकदा पूर्ण तापला की थंड व्हायलाही वेळ घेतो. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर होत आलेल्या ड्रॅग रेससारखी दहा-पंधरा सेकंदांची धाव असेल तर बार अँड प्लेट शोभतो. ट्रॅकवर लॅपमागून लॅप मारणाऱ्याला किंवा उन्हाळ्यात घाट चढणाऱ्याला चांगल्या बनावटीचा ट्यूब अँड फिन माझ्या मते जास्त मानवतो. बाजारात बार अँड प्लेट जास्त दिसतो म्हणून तोच चांगला, असं धरून चालू नका.

मग आकार. समोरून दिसणारं क्षेत्रफळ हे सगळ्यांत महत्त्वाचं, जाडी त्यानंतर. कारण साधं आहे. बाहेरची हवा कोअरच्या पुढच्या थरातून जातानाच तापते, त्यामुळे मागच्या थराला थंड करायला तिच्यात फारसं काही उरत नाही. जाडी दुप्पट केली म्हणून काम दुप्पट होत नाही, उलट हवा अडते आणि तिची शिक्षा रेडिएटरला आणि एसीला. आपल्याकडे एसी हा चैनीचा भाग नाही. नागपुरात ४५ अंशांवर एसी गारवा देत नसेल तर दहा अश्वशक्ती जास्त मिळून काय करायचं?

आतली बाजू विकणारे दाखवत नाहीत, पण तुम्ही मागा. आतल्या फिन अगदी दाट असतील तर हवा छान थंड होते पण दाब पडतो. विरळ असतील तर उलट. विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: "एवढ्या हवेच्या प्रवाहाला दाब किती पडतो?" आणि "कंपनीच्या इंटरकूलरशी तुलना केलेला लॉग (मोजणीची नोंद) आहे का?" पहिल्याचं उत्तर नसेल आणि दुसऱ्याच्या जागी नुसते चकचकीत फोटो असतील, तर पुढचं दुकान बघा. प्रवाहाचा अंदाज असा काढता येतो: दर १० अश्वशक्तीमागे मिनिटाला साधारण अर्धा किलो हवा. २३० अश्वशक्तीच्या गाडीला सुमारे १०–११ किलो. ५०० अश्वशक्तीसाठी बनवलेला कोअर तुमच्या गाडीला लागत नाही.

टाक्यांकडेही बघा. कंपनीच्या इंटरकूलरला बहुतेक वेळा दाबून बसवलेल्या प्लास्टिकच्या टाक्या असतात. बूस्ट वाढवल्यावर सांध्यातून सुटतात त्या याच. ओतीव ॲल्युमिनिअमची टाकी चांगली, ज्यात आतला आकार हवेला सगळ्या नळ्यांत सारखी वाटून देतो. पत्रा कापून वेल्ड केलेली टाकीही चालते, पण तिच्यात काटकोनी वळण नको. स्वस्त माल हातात घेतला की वेल्डची रेघ वेडीवाकडी दिसते आणि हलवला की आतून धातूचा कीस खुळखुळतो. तो कीस इंजिनात गेला तर काय होईल ते सांगायला नको. चांगल्या कंपनीचा असला तरी बसवण्याआधी आतून धुऊन, पूर्ण वाळवून घ्या.

"मोठा इंटरकूलर म्हणजे टर्बो लॅग वाढणार" ही भीती बरेच जण घालतात. २ लिटरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला सुमारे ५० लिटर हवा ओढतं. नव्या कोअरमुळे आतली पोकळी ३ लिटरने वाढली तरी ती भरायला सेकंदाचा दहावा हिस्साही लागत नाही. पाइपही उगाच जाड नकोत. ३०० अश्वशक्तीपर्यंत अडीच इंची पुरतात.

शक्य असेल तिथे मूळ जागी, मूळ ब्रॅकेटवर, कापाकापी न करता बसणारा पार्ट निवडा. मी तसाच घेतला. बंपरच्या आतलं क्रॅश बार कापून बसवायचा कोअर कितीही भारी असला तरी घेऊ नका. तो बार अपघातात तुमच्यासाठी आहे.

पायरी ५: बसवण्याआधीचे प्रश्न

गॅरेजला फोनवरच विचारा: एसीचा गॅस काढावा लागेल का, कूलंट नवीन भरायचं का, बंपरच्या क्लिपा आणि फोमच्या पट्ट्या नव्या मिळतील का. परदेशातून मागवत असाल तर आयात शुल्क आणि वजनावरचं भाडं धरूनच किंमत ठरवा. बार अँड प्लेटचं वजन इथे खिशाला जाणवतं.

कागदाची बाजूही टाळू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा बदल करता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलं आहे. वॉरंटीतली गाडी असेल तर इंजिनाच्या दाव्यावर प्रश्न उठू शकतो. आरटीओत आणि विमा कंपनीला आधी विचारा, उत्तर लेखी घ्या, आणि जुना इंटरकूलर फोडू-विकू नका. कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा.

बसवताना मिस्त्रींजवळ उभे राहा. जाळीच्या चारही बाजूंच्या फटी बंद झाल्यात का हे स्वतः बोट फिरवून बघा. नव्या कोअरच्या जाडीमुळे जुन्या पट्ट्या बसत नाहीत, आणि बंपर लावल्यावर ते दिसत नाही. होजपाइपांचं आतलं तोंड तेल पुसून कोरडं करा, मगच क्लिप आवळा. तेलकट रबर बूस्टखाली निसटतो.

पायरी ६: पुन्हा मोजा

तोच चढ, तीच वेळ, शक्यतो तेवढंच बाहेरचं तापमान, तेवढेच तीन प्रयत्न. तापमान उतरलं का एवढंच नाही, तर मॅनिफोल्डमधला दाब पूर्वीइतकाच येतो का तेही बघा. तापमान छान उतरलं पण दाब पोहोचायला वेळ लागतोय असं दिसलं तर एखादी क्लिप सैल आहे, नाहीतर कोअर आतून जास्तच दाट आहे. सोबत कूलंटचं तापमान आणि एसीची थंडी तपासा, दुपारच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास तरी.

माझ्या गाडीत साफसफाईनंतर उरलेला २३ अंशांचा फरक नव्या कोअरने १३ वर आला. त्यातही पहिल्या आठवड्यात एक होजपाइप निसटला, कात्रजच्या चढावर फस्स आवाज होऊन गाडी मेल्यासारखी झाली. क्लिप पाव इंच पुढे बसली होती. म्हणून ५०० किलोमीटर झाले की गाडी थंड असताना सगळ्या क्लिपा एकदा पुन्हा आवळून घ्या, आणि डिकीत एक स्क्रूड्रायव्हर आणि त्या मापाची एक जास्तीची क्लिप ठेवा.